मदत हवी आहे : रात्रीच्या पाण्यासाठी टॉर्चमध्ये कोणता लिथियम सेल घालावा?

नमस्कार मंडळी. आमच्याकडं टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, म्हणून घोळ नको. आत घालतो त्याला मी इथं सेलच म्हणतो.

जुन्नर तालुक्यात आमचा ऊस आणि कांदा आहे. आमच्या फीडरला एक आठवडा थ्री फेज, म्हणजे मोटार चालणारी वीज, दिवसा, दुसरा आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी नाहीतर वडील दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो. घोणस पायाखाली येऊ नये एवढा उजेड तर लागतोच, शिवाय उसात बिबट्याचं भय आहे. मधूनमधून उसाच्या कडेनं लांबवर झोत टाकून बघितल्याशिवाय पुढं पाऊल पडत नाही. त्यासाठीच दोन वर्षांमागं २००० लुमेनची (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) टॉर्च घेतली. तिला एकच १८६५० सेल लागतो.

बरोबर आलेला सेल आता थकला. ऑनलाइन दोन नवे मागवले, वेष्टनावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचा आकडा) छापलेलं. पूर्ण चार्ज करून घातला, तर फुल्लवर टाकल्यावर चार-पाच सेकंद लख्ख आणि लगेच मंद. तिसऱ्या रात्री वडील पाटावर असताना टॉर्च विझलीच. मोबाइलच्या उजेडात बांधावरून चाचपडत घरी आले. तेव्हापासून आई त्यांना रात्री सोडत नाही. मला शंका आली म्हणून सोनाराच्या काट्यावर टाकून बघितले : जुना सेल ४६ ग्रॅम, नवा २९.

आता सॅमसंगचे दोन सेल बघून ठेवलेत. ३५ई, ३५०० एमएएच. आणि ३०क्यू, ३००० एमएएच. किमतीत फार फरक नाही. जास्त एमएएचचा घ्यावा असं वाटतं, पण एकदा फसलोय. शिवाय प्रोटेक्शनवाला, म्हणजे सेलमध्येच सुरक्षेचं सर्किट असलेला, घ्यावा की साधा? गावातला मोबाइल दुरुस्तीवाला जुन्या लॅपटॉपचे सेल फुकट देतो म्हणतोय, ते चालतील का?

प्रतिसाद :
दादा, ते २९ ग्रॅमवाले दोन्ही सेल आधी बाजूला काढा, पुन्हा चार्जरला लावू नका. १८६५० म्हणजे १८ मिमी जाडी, ६५ मिमी लांबी. एवढ्या डब्यात चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा ३५०० च्या आसपासच जातो आणि त्याचं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. ९९०० हा आकडाच खोटा. असल्या वेष्टनात पुष्कळदा छोटा सेल आणि भरीला पावडर निघते.

तुमच्या कामाला एमएएचपेक्षा अँपिअर बघा, म्हणजे सेल एका वेळी किती करंट देऊ शकतो ते. ढोबळ हिशोब असा : लुमेनला १०० नं भागा, म्हणजे २० वॅट. सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, म्हणजे साडेपाच अँपिअर. सर्किटमधली गळती धरून सहा-सात. ३५ई सलग ८ अँपिअर देतो, म्हणजे तो काठावर चालेल. पण सेल अर्धा उतरला की जोरात ओढल्यावर व्होल्टेज बसतं आणि टॉर्च आपोआप मंद होते. ३०क्यू १५ अँपिअर देतो. मंद उजेडावर तो थोडा लवकर संपेल हे खरं, पण उसाकडं झोत टाकायचा त्या क्षणी तो दगा देणार नाही. मी ३०क्यूच घेतला असता, तोही दोन, एक टॉर्चमध्ये आणि एक प्लास्टिकच्या डबीत. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीच ठेवू नका.

प्रोटेक्शनवाला सेल ६९-७० मिमीपर्यंत लांब असतो, झाकण लागतं का ते आधी बघा. टॉर्चमध्ये कमी व्होल्टेजला बंद व्हायची सोय असेल तर एकाच सेलच्या टॉर्चला साधा चालतो. लॅपटॉपचे सेल मात्र नकोच. ते कमी करंटसाठी बनवलेले असतात, त्यात वापरून झिजलेले.

धागाकर्ता :
मनापासून आभार. माहितीपत्रकात कमी व्होल्टेजला बंद होते असं लिहिलंय, म्हणून साधे ३०क्यू दोन आणले. दुकानातच काट्यावर टाकले, दोन्ही ४५ च्या वर. पण घरी येऊन घातला तर टॉर्च लागेना. आत बघितलं तर वरच्या टोकाला प्लास्टिकची कडी आहे आणि सेलचं डोकं सपाट, ते तांब्याला टेकतच नाही. उलटा सेल पडला तर जळू नये म्हणून ती कडी असावी. बदलून डोक्यावर बटणासारखा उंचवटा असलेले घेतले, आता लागते. काल रात्री दीड वाजता फुल्लवर धरली, उसाची पलीकडची कड दिसली आणि उजेड टिकला.

एक राहिलं. जुन्या सेलचं वेष्टन धन टोकाच्या कडेला नखाएवढं फाटलंय. चिकटपट्टी लावून चालेल?

प्रतिसाद :
चिकटपट्टी नको. सेलचा सगळा पत्रा ऋण असतो, फक्त ते टोक धन. मध्ये पातळ वेष्टन आणि एक चकती एवढंच. टोकाजवळ धातू टेकला की थेट शॉर्ट. तो सेल तसाही थकलाय, ई-कचऱ्यात द्या. नवे सेल ४.२ व्होल्टला थांबणाऱ्या चार्जरवर लावा, आणि चार्जर कडब्याच्या गंजीपासून लांब, फरशीवर ठेवा.