क्रूझवरची फॉर्मल संध्याकाळ: पुरुषांनी घालायचं काय? (अनुभव सांगा)

भुसावळचा थोरला

आई, आप्पा, मी, बायको आणि मुलगा असे पाच जण दिवाळीनंतर सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघालोय. पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. बुकिंगच्या कागदांत एका संध्याकाळसमोर ‘फॉर्मल’ असं लिहिलंय. बायकोने ते वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला, “आमचं पैठणीवर भागलं. तुम्ही बापलेक बघा तुमचं.”

माझ्याकडे एकच कोट आहे, २०११ सालचा, स्वतःच्या लग्नातला. लग्न मे महिन्यात, भुसावळात. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत माझ्या एका हातात हार किंवा बायकोचा हात आणि दुसऱ्या हातात रुमाल आहे. त्यानंतर तो कोट कपाटाबाहेर आलेला नाही.

आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. त्यांचं म्हणणं, “पैसे आपनच भरायचे, अन् कपडे त्यायच्या मर्जीचे?” याला माझ्याकडे उत्तर नाही.

जे जाऊन आलेत त्यांनी स्वतः काय घातलं आणि काय फसलं ते सांगा. वेबसाइटवर काय लिहिलंय ते मी वाचलंय.

चोपडेकर

दोन वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रात सात रात्री, त्यात दोन फॉर्मल. पहिली फॉर्मल रात्र जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी होती. हिशेब सोपा आहे. बंदराच्या दिवशी लोक ऊन खाऊन, पाय दुखवून सहाला परत येतात, त्यांना टाय कोण बांधायला लावणार?

मी गडद निळा सूट घातला, पांढरा शर्ट, साधा टाय. आमच्या आजूबाजूच्या आठ-दहा टेबलांवर टक्सिडो (साटीनच्या कॉलरचा काळा कोट आणि बो टाय) दोनच दिसले, दोन्ही पांढऱ्या केसांच्या इंग्रज म्हाताऱ्यांच्या अंगावर. बाकी सगळे गडद सूट, आणि काही तरुण पोरं नुसत्या शर्ट-टायमध्ये. एक जण फिक्या बदामी सुटात आला होता. कापड उत्तम, पण सकाळच्या सत्यनारायणाला निघाल्यासारखा दिसत होता. रात्रीला काळा, गडद निळा नाहीतर कोळशासारखा करडा.

आणि मोजे! उभं असताना कळत नाही, खुर्चीत बसलं की पँट वर चढते. आमच्या फॅमिली फोटोत माझे पांढरे स्पोर्ट्सचे मोजे सगळ्यांत आधी दिसतात. तो फोटो मेव्हण्याने घरच्या ग्रुपवर तीनदा टाकलाय.

एरंडोलची सासुरवाशीण

आमच्या मामंजींनी सफारी घातली. हसू नका. खान्देशात एका पिढीचा फॉर्मल पोशाख सफारीच आहे, आहेरात अजून सफारीचं कापड येतं. स्टील ग्रे रंगाची, पूर्ण बाह्यांची, नवी कोरी शिवलेली होती. दारावरच्या मुलाने हसून नमस्ते केलं आणि टेबल दाखवलं. अडवलं कुणीच नाही.

पण जेवण निम्म्यावर आलं तेव्हा मामंजी हळूच मला म्हणाले, “सूनबाई, इथं सगळे गळ्याला बांधून बसलेत, मी एकटाच मोकळा.” सासूबाई चटकन म्हणाल्या, “मग मोकळ्या गळ्याने जेवा की पोटभर.” मामंजी हसले खरे, पण फोटोग्राफर टेबलाशी आला तेव्हा उठून बाथरूमला गेले. सात रात्रींच्या सहलीतला त्यांचा एकही चांगला फोटो नाही. चालतं का, तर चालतं. पण तुमच्या आप्पांना नंतर काय वाटेल तेही बघा.

धुळ्याहून न्यूयॉर्क

माझा अनुभव जरा वेगळा, कारण जहाज वेगळं. मुलीकडे जाताना साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा प्रवास ‘क्वीन मेरी २’ने केला. जहाजाची कंपनी क्युनार्ड, ते लोक अजून जुन्या वळणाचे. संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतेक भागांत नीटनेटका पोशाख लागतोच, आणि गाला म्हणजे फॉर्मल संध्याकाळी पुरुषांना डिनर जॅकेट (वर चोपडेकरांनी सांगितलेला टक्सिडो तो हाच) किंवा गडद सूट. आपल्या देशाचा औपचारिक पोशाखही त्यांच्या नियमात बसतो, हे मला नंतर कळलं. तोवर मी डिनर जॅकेट शिवायला टाकून बसलो होतो!

आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी ते शिवलं. मोबाईलवर फोटो दाखवला. काकांनी चष्मा वर केला, बोटांनी फोटो मोठा केला, म्हणाले, “कॉलरवर साटीन लावायचंय. पॉकेटला फ्लॅप नको. बरोबर?” बरोबर. मग पँट. डिनर जॅकेटच्या पँटीला बाहेरच्या शिवणीवर वरपासून खालपर्यंत साटीनची पट्टी असते. काका थांबले. “बँडवाल्यांच्या पँटीला असते तशी?” मी म्हटलं, तशीच, फक्त काळ्यावर काळी. “मग तसं सांगा ना.” आयुष्यात त्यांनी किमान पाच बँडपथकांचे कपडे शिवले असतील.

पुढची अडचण बेल्टची. या पँटीला बेल्ट लावत नाहीत, लूपच नसतात. कमरेला चुण्यांचा रुंद पट्टा येतो, इंग्रजीत कमरबंड. मी तो शब्द उच्चारल्यावर काका म्हणाले, “कमरबंद म्हणा की सरळ.” घरी येऊन पाहिलं तर खरंच, इंग्रजांनी तो शब्द हिंदुस्थानातूनच नेलाय, मूळ फारसी. पायजमाही असाच गेला त्यांच्याकडे. आपलाच माल साटीन लावून परत आला म्हणायचं. कमरबंदाच्या चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला ठेवायची, ते मात्र ध्यानात ठेवा. मी पहिल्या दिवशी उलटा घातला होता. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी काही न बोलता स्वतःच्या कमरेकडे बोट दाखवलं.

बो टाय हुकवाला नेला. बांधायचा बो टाय शिकायला मी चार रात्री आरशापुढे घालवल्या आणि पाचव्या रात्री सोडून दिलं.

आता खरं सांगतो. जॅकेट अप्रतिम झालं, पण गेली तीन वर्षं ते कपाटात आहे. धुळ्यात ते घालून मी कुठे जाऊ? त्याच पैशात बंदगळा शिवला असता तर पुतण्याच्या लग्नात, भाचीच्या साखरपुड्यात चालला असता.

नंदुरबारी

इस्त्री नेऊ नका. मी छोटी प्रवासी इस्त्री नेली, चढतानाच सिक्युरिटीने काढून घेतली. आगीची भीती, जहाजावर ती सगळ्यात मोठी. शेवटच्या दिवशी परत मिळाली, चिठ्ठी लावून. कोट बाथरूममध्ये टांगायचा, गरम पाणी सोडायचं, दार लावून घ्यायचं. वाफेने बऱ्याच सुरकुत्या जातात. शर्टाच्या जात नाहीत, पण वरून कोट असतोच.

शिरपूरचा डेकवाला

मी सहा वर्षं क्रूझवर जेवणघरात काम केलं, आता घरी शेती बघतो. दाराच्या आतल्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो.

आम्ही अडवायचो ते हाफपँट, बिनबाह्यांचे बनियन, क्रिकेटची टोपी आणि बाथरूमच्या चपला यांना. त्यालाही थेट नाही म्हणायचं नाही, “सर, बुफे वरच्या मजल्यावर चालू आहे” असं म्हणायचं. टाय नाही म्हणून मी माझ्या हाताने एकालाही परत पाठवलेलं नाही. पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. काही जहाजांवर फॉर्मल रात्र हा प्रकारच नाही, काहींनी नाव बदलून नियम सैल केलेत. म्हणून स्वतःच्या जहाजाचा कागद वाचा, मित्राच्या जहाजाचा नाही.

फॉर्मल रात्रीच्या दुपारी लाँड्रीत कोटांचा ढीग लागतो. प्रेसचे पैसे वेगळे पडतात आणि घाईचे आणखी वेगळे. पहिल्या दिवशी केबिनमध्ये बॅग आली की लगेच कोट देऊन टाका. आणि बॅग धक्क्यावर दिली की केबिनच्या दाराशी यायला कधी कधी रात्र होते, म्हणून पहिल्या संध्याकाळची एक जोडी हातातल्या पिशवीत असू द्या.

आणखी एक. आपल्याकडच्या माणसाला कोट म्हटलं की घाम आठवतो. जहाजाच्या जेवणघरात एसी इतका असतो की तासाभरात बिनकोटाचे लोक हात चोळायला लागतात. मी शिरपूरचा, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश बघत वाढलेला. कोट हे खरोखर ऊब देणारं कापड आहे हे मला जहाजावरच कळलं.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. फॉर्मल रात्री लोक लॉबस्टरची वाट बघतात, तुम्ही काय खाणार ते आधी ठरलेलं बरं.

अमळनेरी खवचट

सुट्टीवर जायचं आणि ऑफिससारखं नटायचं? आम्ही दोघं फॉर्मल रात्री वर बुफेत गेलो. मी कुर्ता-पायजमा, ही पंजाबी ड्रेसमध्ये. गर्दी नाही, खिडकीजवळचं टेबल, बाहेर समुद्र. नऊला केबिनमध्ये, घरून नेलेली शेव खाल्ली आणि झोपलो.

चोपडेकर

खवचटभाऊ, तुम्ही म्हणता ते चूक नाही. पण थोरला आप्पांना नेतोय, त्यांचं पुन्हा कधी जाणं होईल? एक संध्याकाळ नटले तर बिघडलं काय? शेव घरी आल्यावरही मिळते.

अमळनेरी खवचट

शेव जहाजावर जास्त चांगली लागते.

पाचोऱ्याहून

मी सिल्कचा कुर्ता, चुडीदार आणि वर गडद मरून नेहरू जाकीट घातलं. कौतुक झालं, दोन बायकांनी कापड हातात घेऊन पाहिलं. फसलं ते पायात. कोल्हापुरी चप्पल नेली होती. दारावरच्या बाईंनी हात जोडून सांगितलं की पुरुषांची बोटं झाकलेली हवीत. कितीही महागाची असली तरी त्यांच्या लेखी ती चप्पलच. परत केबिनमध्ये जाऊन स्पोर्ट्स शूज घातले, तेवढेच होते. चुडीदारावर स्पोर्ट्स शूज. रात्रभर पाय टेबलाखाली. मोजडी न्या, नाहीतर काळे बूट.

भुसावळचा थोरला

सगळ्यांचे आभार. जाऊन आलो, म्हणून सांगतो.

माझा २०११चा कोट शिंप्याकडे नेला. आतमध्ये जेवढं मार्जिन होतं तेवढं सगळं उसवलं, तरी मधलं बटण लागेना. शिंपी म्हणाला, उघडाच ठेवा, बसल्यावर सगळेच उघडतात. तसंच केलं. मोजे काळे.

आप्पांसाठी बंदगळा शिवायचं ठरवलं. कापड जळगावहून आणलं, गडद निळं. पहिल्या ट्रायलला आप्पा आरशापुढे उभे राहिले, गळ्याचं बटण लावलं आणि लगेच काढून ठेवला. म्हणाले, “हा घातला की ड्युटीवर गेल्यासारखं वाटतं.” दोन दिवस कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आईला विचारलं, बटणं पितळेची मिळतात का? शिंप्याने पितळी रंगाची लावून दिली.

फॉर्मल रात्र दुसऱ्या दिवशी होती. आप्पा पाचलाच तयार. सहाच्या जेवणाला पावणेसहाला दाराशी. जेवणाआधी कॅप्टन आणि त्याचे अधिकारी लोकांना भेटायला खाली आले होते, पांढऱ्या गणवेशात. आईने पदर सावरला, मी कोटाची दोन्ही टोकं एकत्र धरून ठेवली. आमची पाळी आली तशी आप्पा ताठ झाले. हात मिळवला आणि इंग्रजीत विचारलं, “कॅप्टन साहेब, राइट टाइम?”

तो नॉर्वेजियन की कोण होता, त्याला क्षणभर कळलं नाही. मग घड्याळ बघून म्हणाला, “बारा मिनिटं आधी.”

“बिफोर टाइम,” आप्पा आम्हाला म्हणाले, आणि बंदगळ्याच्या आतल्या खिशातून डायरी काढून तिथंच उभ्या उभ्या वेळ लिहून घेतली.