भूतानची ओळख करून द्यायची आहे. सुरुवात कुठून करावी?

वाचनवेडा

नमस्कार. आमच्या वाचनमंडळात दर महिन्याला एका देशाची तासाभरात ओळख करून दिली जाते आणि या वेळी भूतान माझ्या वाट्याला आला आहे. जे काही वाचायला मिळाले त्यात पहिल्याच परिच्छेदात ‘जगातील सर्वांत आनंदी देश’ हे बिरुद येते आणि त्यापाठोपाठ क्षेत्रफळ ३८,३९४ चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास, राजधानी थिंफू, चलन न्गुल्ट्रम अशी माहिती ओळीने मांडलेली असते. ही माहिती पाठ होते, पण देश काही डोळ्यांसमोर उभा राहत नाही. एवढ्या थोड्या लोकांत इतक्या भाषा कशा, इतके लोक खेड्यांत शेती करत असूनही तांदूळ बाहेरून का आणावा लागतो आणि आनंदाचे मोजमाप करणाऱ्या देशातून तरुण मंडळी ऑस्ट्रेलियाला का निघाली आहेत, हे माझे मुख्य प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असावीत असे वाटते. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

डोंगरवाट

नकाशा घेऊन बसा आणि थिंफू शोधण्याआधी नद्या शोधा. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना आमो छू, वांग छू, पुनात्सांग छू आणि मानस या मोठ्या नद्या लागतात. त्या सगळ्या उत्तरेच्या हिमालयातून दक्षिणेला उतरतात आणि शेवटी ब्रह्मपुत्रेच्या पाण्याला मिळतात. ‘छू’ म्हणजे पाणी. दक्षिण सीमेवर ‘दुआर’ नावाचा पायथ्याचा पट्टा आहे, तिथे उंची शे-दोनशे मीटर असते; तिथून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर होण्याच्या आत जमीन ७,००० मीटरच्या वर गेलेली असते. गांगखार पुएन्सुम हे ७,५७० मीटर उंचीचे शिखर आजही कोणी सर केलेले नाही. ऐंशीच्या दशकात काही मोहिमा अयशस्वी होऊन परतल्या आणि पुढे १९९४ मध्ये ६,००० मीटरपेक्षा उंच शिखरांवर, तर २००३ पासून सरसकट गिर्यारोहणावरच बंदी आली, कारण शिखरांवर देवतांचा वास असतो अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे.

नद्या उत्तर-दक्षिण वाहतात, म्हणून त्यांच्यामधल्या डोंगररांगाही उत्तर-दक्षिणच पसरलेल्या आहेत आणि एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचे म्हणजे बहुतेक वेळा तीन हजार मीटरपेक्षा उंच खिंड ओलांडावी लागते. थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला लागते, तिथून आणखी पूर्वेला निघालात की पेले ला आडवी येते. गाडीरस्ते येण्याआधी शेजारच्या खोऱ्यातला माणूस हा जवळजवळ परदेशीच असे. तुमच्या भाषांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पश्चिमेत झोंगखा, मध्य भागात बुमथांगखा आणि खेंगखा, पूर्वेत त्शांग्ला, दक्षिणेत नेपाळी, शिवाय गुराख्यांच्या लहान लहान बोली, अशा वीसेक भाषा या एवढ्याशा देशात टिकून राहिल्या. झोंगखा ही राष्ट्रभाषा असली तरी शाळेतील शिक्षणाचे माध्यम साठच्या दशकापासून प्रामुख्याने इंग्रजी आहे.

रस्त्यांचा इतिहासही किती अलीकडचा आहे पाहा. १९५८ मध्ये पंतप्रधान नेहरू भूतानला गेले तेव्हा त्यांना सिक्कीममधून नाथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून जावे लागले. १९६१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने फुंटशोलिंग ते पारो-थिंफू हा रस्ता त्यानंतर खणून काढला. मी त्या रस्त्याने गेलो आहे. जयगाव हे भारतातले गाव आणि फुंटशोलिंग हे भूतानमधले, मध्ये एक रंगीत कमान. कमानीअलीकडे कर्णे, हातगाड्या, धूळ आणि पलीकडे पाऊल टाकताच झेब्रा पट्ट्यांवर थांबणाऱ्या मोटारी. तिथून पुढचे जेमतेम दीडशे किलोमीटर कापायला आम्हाला सहा तास लागले, कारण एका वळणावर दरड कोसळलेली होती आणि चार मजूर पहारीने दगड सरकवीत होते. त्यांच्या शेजारी खाली खोल दरीत वांग छूचे पाणी गर्जत होते. त्या पाण्याविषयी दुसऱ्या कोणी लिहिले तर बरे. तो माझा विषय नव्हे.

जमाखर्च

पाण्याविषयी मी लिहितो, कारण भूतानच्या अर्थव्यवस्थेची चावी त्या पाण्यातच आहे. ज्या रस्त्यावर दरड कोसळली होती त्याच रस्त्यालगत चुखा हा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. तो १९८६ ते १९८८ या काळात सुरू झाला आणि भारताने त्यासाठी ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज दिले. त्याच नदीवर खालच्या बाजूला ताला हा १,०२० मेगावॉटचा प्रकल्प झाला, २०१९ मध्ये मांगदेछू येथे ७२० मेगावॉटची भर पडली आणि अलीकडेच १,०२० मेगावॉटचा पुनात्सांगछू-२ पूर्ण झाला. बोगद्यातून पाणी वळवायचे, उंचावरून टर्बाइनवर सोडायचे आणि वीज भारताला विकायची, असा हा व्यवहार आहे.

मात्र या व्यवहाराच्या दोन बाजू क्वचितच सांगितल्या जातात. पहिली अशी की यांतील बहुतेक प्रकल्प मोठा साठा करणारे नाहीत. नदीत जेवढे पाणी येईल तेवढीच वीज. पावसाळ्यात ती विकून उरते आणि हिवाळ्यात वरचे पाणी गोठून प्रवाह आटला की हाच देश भारताकडून वीज विकत घेतो. दुसरी बाजू कर्जाची. देशाच्या परकीय कर्जाचा मोठा भाग या प्रकल्पांचा आहे, आणि हिमालयाचा डोंगर कच्चा असल्यामुळे कामे लांबतात. पुनात्सांगछू-१ या १,२०० मेगावॉटच्या धरणाचे काम चालू असताना २०१३ मध्ये उजव्या काठाचा डोंगरच सरकला आणि तो प्रकल्प अनेक वर्षे रखडला. त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला, लुनाना भागात, १९९४ मध्ये लुग्ये त्शो हे हिमसरोवर फुटले होते आणि पुराचे पाणी खाली पुनाखापर्यंत पोहोचले होते. ज्या बर्फावर उत्पन्न अवलंबून, त्याचीच भीती.

तांदळाविषयी विचारले आहे. देशाचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाखाली आहे आणि किमान ६० टक्के जंगल कायम राखण्याचे बंधन संविधानानेच घातले आहे. उरलेल्यात बर्फ, कडे आणि उतार. लागवडीजोगी जमीन अगदी थोडी, तीही पायऱ्यापायऱ्यांची. पारो आणि पुनाखाच्या खोऱ्यांत लाल तांदूळ उत्तम पिकतो, पण त्याने सगळ्यांचे पोट भरत नाही. त्यामुळे तांदूळ भारतातून येतो आणि तिकडून संत्री, बटाटे, वेलदोडे जातात. न्गुल्ट्रम १९७४ पासून भारतीय रुपयाच्या बरोबरीने बांधलेला आहे. बहुतांश व्यापार एकाच शेजाऱ्याशी असताना हे सोयीचेच आहे, फक्त भारतातली महागाई तीच वाट धरून आत येते.

पर्यटनाचे एकच सांगतो. परदेशी प्रवाशांना १९७४ मध्ये दार उघडले ते मोजकेच. आजही बहुतेक परदेशी पाहुण्यांकडून दर रात्री १०० डॉलर आणि भारतीयांकडून १,२०० रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’ घेतले जाते. गर्दी नको, पैसा हवा, असे हे धोरण आहे आणि मला ते शहाणपणाचे वाटते, जरी तेथील लहान हॉटेलवाल्यांना तसे वाटत नसले तरी.

वाचनवेडा

दोघांचेही आभार. नदीपासून सुरुवात करावी हे पटले. पण तरुणांचा प्रश्न आणि ‘आनंदी देश’ हे बिरुद अजून बाजूलाच राहिले. शिवाय एका जुन्या लेखात नेपाळमधील भूतानी निर्वासितांचा उल्लेख वाचला, त्याचा या चित्राशी मेळ कसा घालावा?

सीमारेषा

बिरुद आधी नीट वाचा. ‘सकल राष्ट्रीय आनंद’ ही कल्पना चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी सत्तरच्या दशकात मांडली. देशाची प्रगती फक्त उत्पन्नावरून मोजू नये, एवढा तिचा मूळ अर्थ. पुढे तिचा निर्देशांक झाला, त्यात आरोग्य, शिक्षण, संस्कृती, पर्यावरण, वेळेचा वापर अशी ९ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक आले. हे धोरण आखण्याचे साधन आहे. आम्ही सर्वांत आनंदी आहोत असा दावा त्यात नाही. २०१९ च्या जागतिक आनंद अहवालात भूतानचा क्रमांक ९५ वा होता. बिरुद लावले ते प्रवासी जाहिरातींनी. मुले इंग्रजीतून शिकली, पदवी घेऊन थिंफूत आली आणि तिथे सरकारी नोकऱ्या मोजक्याच निघाल्या. वीजप्रकल्प महसूल देतात, पण बांधून झाले की फारशी माणसे लागत नाहीत. इंग्रजी येणाऱ्या तरुणाला ऑस्ट्रेलिया जवळ वाटते ते यामुळे. भारतीय सीमेवरील गेलेफू येथे नवे शहर वसवण्याची घोषणा पाचव्या राजांनी डिसेंबर २०२३ मध्ये केली, तिच्यामागे हीच काळजी आहे.

आता निर्वासितांविषयी, कारण हा भाग वगळून केलेली ओळख अपुरी राहील. ढोबळमानाने तीन समाज धरतात: पश्चिमेचे न्गालोप, पूर्वेचे शारचोप आणि दक्षिणेचे ल्होत्शाम्पा. पहिले दोन प्रामुख्याने बौद्ध. ल्होत्शाम्पा म्हणजे शब्दशः ‘दक्षिणेकडचे’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेपाळकडून येऊन त्यांनी पायथ्याचे तापाचे जंगल तोडून शेती वसवली. ते नेपाळीभाषक आणि बहुतांशी हिंदू. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले, पण १९८५ च्या नव्या कायद्याने १९५८ मध्ये देशात राहत असल्याचा पुरावा मागितला आणि १९८८ च्या जनगणनेत तो कागद ज्यांच्याकडे नव्हता ते एका फटक्यात परके ठरले. त्यातच १९८९ मध्ये राष्ट्रीय पोशाख आणि आचारसंहिता सर्वांवर बंधनकारक झाली, शाळांतून नेपाळी गेली, १९९० मध्ये निदर्शने झाली, दडपशाही झाली, आणि सुमारे एक लाख माणसे पूर्व नेपाळमधील झापा आणि मोरंगच्या छावण्यांत पोहोचली. सीमा ओलांडून तिथे जाताना भारत वाटेत लागतो, हे लक्षात घ्या. सतरा-अठरा वर्षे छावणीत काढल्यावर त्यांतील बहुतेकांचे पुनर्वसन २००७ नंतर अमेरिका आणि इतर देशांत झाले. भूतानने त्यांना परत घेतले नाही.

सिक्कीम १९७५ मध्ये भारतात विलीन झाले आणि त्या घटनेत तेथील नेपाळी बहुसंख्येचा वाटा मोठा होता; भूतानच्या राज्यकर्त्यांची भीती तिथून आली असे म्हणतात. भीती समजू शकते. तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांनी मात्र सिक्कीममध्ये काही केले नव्हते.

डोंगरवाट

सहमत. माझ्या प्रतिसादात दक्षिणेचा उल्लेख केवळ भाषेपुरता आला, ती माझी चूक. राजकारणाबद्दल एक ओळ जोडतो: १९०७ पासूनची वंशपरंपरागत राजेशाही २००८ मध्ये राजाच्याच पुढाकाराने संविधानाखाली आली, आणि तेव्हापासून २०१३, २०१८ व २०२४ या तिन्ही निवडणुकांत मतदारांनी सत्ताधारी पक्ष बदलला. भिक्षूंना मतदानाचा अधिकार नाही, कारण धर्माने राजकारणाच्या वर राहावे अशी संविधानाची अपेक्षा आहे.

पाटीपेन्सिल

संस्कृतीबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. सर्वांत आधी ‘झोंग’ समजून घ्या. १६१६ मध्ये तिबेटहून आलेल्या शाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी विखुरलेली खोरी एकत्र आणली ती या किल्ल्यांच्या जोरावर. एकाच तटबंदीत एकीकडे मठ आणि दुसरीकडे कचेरी. आजही जिल्ह्याचा कारभार बहुतेक ठिकाणी झोंगमधूनच चालतो, त्यामुळे दाखल्यासाठी आलेला शेतकरी ‘घो’ हा गुडघ्यापर्यंतचा झगा कमरेला आवळून आणि खांद्यावरून पांढरे उपरणे घेऊनच आत शिरतो. पुनाखाचा झोंग फो छू आणि मो छू, म्हणजे नर आणि मादी नदी, यांच्या संगमावर आहे. थिंफूचा भिक्षुसंघ हिवाळ्यात या खालच्या, उबदार खोऱ्यात मुक्कामाला येतो.

नावांची गोष्टही श्रोत्यांना आवडेल. पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत बहुतेकांना आडनाव नसते. लामा दोन नावे देतात आणि सोनम किंवा कर्मा हे मुलाचे की मुलीचे ते नावावरून कळत नाही. अनेक खोऱ्यांत घर आणि जमीन मुलीकडे जाते, जावई सासुरवाडीला येतो. जेवणात एमा दात्शी, म्हणजे मिरची आणि चीजचे कालवण. मिरची तिथे मसाला नसून भाजी आहे, आणि शरदात घरांची छपरे वाळत घातलेल्या मिरच्यांनी लाल होतात.

तासाच्या अखेरीला फोब्जिखाचे खोरे दाखवा. तिबेटहून काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यासाठी तिथल्या दलदलीत उतरतात आणि येता-जाता गांगतेच्या मठाभोवती घिरट्या घालतात, त्याला गावकरी प्रदक्षिणा म्हणतात. खोऱ्यात वीज आणायची वेळ आली तेव्हा उडत्या पक्ष्यांना तारांचा अडथळा होईल म्हणून खांब न रोवता तारा जमिनीखालून नेल्या. पक्षी दिसावेत म्हणून पहाटे दलदलीच्या कडेला उभे राहिलात तर आकाशात एकही तार दिसत नाही.