थुंकीचे नमुने लॅमिनार फ्लोमध्ये उघडावेत का?

नवा टेक्निशियन, राजारामपुरी: आमच्या लॅबमध्ये टीबीच्या तपासणीची थुंकी लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या कपाटात, उघडतात. चालतं का?

शाहूपुरीची मावशी: अजिबात नको रे बाळा! आडव्या झोताचं लॅमिनार नमुन्यावरची हवा थेट तुझ्या तोंडावर सोडतं. ते नमुना जपतं, माणूस नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेटच (माणसालाही जपणारं बंदिस्त कपाट) हवं, त्यातली हवा हेपा फिल्टरमधून, म्हणजे जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून, बाहेर पडते. नुसत्या स्मिअरला, म्हणजे काचपट्टीवर थुंकी पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, हवेशीर खोलीतलं टेबल चालतं, पण वारा तुझ्या पाठीकडून नमुन्याकडे जायला हवा.

टेक्निशियन: आणि कल्चरची बाटली फुटली तर?

मावशी: श्वास रोखून आधी बाहेर पड, सगळ्यांना बाहेर काढ. निदान तासभर आत जायचं नाही. मग एन-९५ लावूनच साफसफाई.

पंचगंगाकाठचा एक जण: आणि कल्चर फेकून देण्याआधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचं, १२१ अंश सेल्सिअसवर!