विहिरीतल्या काळ्या दगडाला चुंबक ओढलं जातंय, उल्का असेल का?

माणदेशी:
सांगोल्याकडे आमच्या विहिरीचं काम चालू आहे. सुरुंग उडवल्यावर निघालेल्या काळ्या दगडाचा तुकडा घरी आणला. पोराचं चुंबक दोऱ्याला बांधून जवळ नेलं तर चक्क दगडाकडे झुकतं. गावातला एक जण म्हणतो उल्का आहे, लाखात जाईल, कुणाला दाखवू नको. बोअरवाला म्हणतो, "कसली उल्का! सगळी सिलिका आहे, म्हणून तर बिट झिजतंय." दगडात पांढरे ठिपके आहेत, काही हरभऱ्याएवढे. कुणाचं खरं?

खडकमास्तर:
दोघांचंही नाही. हा आपला नेहमीचा काळा पाषाण, बेसाल्ट. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

बेसाल्टमध्ये लोह भरपूर, ऑक्साइडच्या हिशेबाने साधारण १० ते १४ टक्के. पण त्यातलं बरंचसं पायरॉक्सिन नावाच्या काळपट खनिजात अडकलेलं, त्याला साधं चुंबक विचारत नाही. ओढतात ते मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण, आणि ते दगडात जेमतेम काही टक्के. तुकडा जुन्या खलात बारीक कुटा (घरातला चांगला खल घेतलात तर जबाबदारी तुमची), पूड कागदावर पसरा आणि खालून चुंबक फिरवा. काळे कण मिशांसारखे उभे राहतील.

सिलिकेचं (वाळूतला मुख्य घटक) म्हणाल तर बेसाल्टमध्ये ती ५० टक्क्यांच्या आसपास, ग्रॅनाइटमध्ये ७० च्या पुढेमागे. पण ५० टक्के म्हणजे अर्धा दगड वाळू असं नव्हे. हा प्रयोगशाळेतला रासायनिक हिशेब. ती सिलिका फेल्डस्पार (दगडातलं फिकट खनिज) आणि पायरॉक्सिनच्या घडणीतच असते, मोकळी गार (क्वार्ट्झ) जवळपास नसतेच. बिट झिजतं ते दगड घट्ट आहे म्हणून.

पांढरे ठिपके म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्या, मागाहून भरलेल्या. उल्केचा विषय तिथेच संपला. ठिपक्यावर लिंबू पिळा, फेस आला तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. काचेवर ओरखडा उठला तर गार. दोन्ही नाही तर बहुधा झिओलाइट, म्हणजे अशा पोकळ्यांत वाढणारी स्फटिकं.

रत्नांग्री:
मास्तर, आमच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू मग काय? चुंबक फिरवलं की थोडीशीच चिकटते, बाकी ढिम्म. आणि जांभा तर लोहानेच तांबडा, तोही ओढत नाही.

खडकमास्तर:
वाळूतला काळा भाग मुख्यतः इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम. साध्या चुंबकाला तो दाद देत नाही. वेगळा काढायला जोरदार विद्युतचुंबक लागतं. तुमच्या चुंबकाला चिकटलं ते मॅग्नेटाइट. जांभ्यातली सिलिका पावसाने बरीच धुऊन नेलेली, लोह बेसाल्टहूनही जास्त, पण ते हेमॅटाइट आणि गोएथाइट या गंजासारख्या खनिजांच्या रूपात, त्यांनाही साधं चुंबक ओढत नाही. लोह किती यापेक्षा कुठल्या खनिजात, ते बघायचं.

पूर्वविदर्भ:
भंडाऱ्याकडच्या आमच्या ग्रॅनाइटला दोऱ्याचं चुंबक लावून पाहिलं, हललं नाही. म्हणजे मॅग्नेटाइट नाहीच?

खडकमास्तर:
असलं तर फार थोडं. काही ग्रॅनाइटमध्ये चांगलं असतं, तेव्हा दोन-चार ठिकाणचे तुकडे तपासा.

माणदेशी:
लिंबाने फेस नाही, काचेवर ओरखडाही नाही. उल्केवाल्याला सांगितलं, तो रुसलाय.

खडकमास्तर:
मग झिओलाइटच धरा. खाली मोठी पोकळी लागली तर घण घालू नका, छिन्नीने कडेने फोडा. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींतल्या अशाच पोकळ्यांतले स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट हे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. अखंड स्फटिकाला गिऱ्हाईक मिळतं, चुऱ्याला नाही.