गूसचं गीस, मग मॉन्गूसचं काय?

ठाण्याची_आई: मुलगा सहावीत आहे. काल युनिट टेस्टचा पेपर घरी आला. अनेकवचनांच्या प्रश्नात फूटचं फीट, टूथचं टीथ, गूसचं गीस, सगळं बरोबर. पुढचा शब्द मॉन्गूस. पठ्ठ्याने लिहिलं मॉन्गीस! लाल काट, वर बाईंच्या अक्षरात 'मॉन्गूसेस', अर्धा मार्क गेला. तेव्हापासून माझ्यामागे लागलाय, का नाही म्हणून. मी म्हटलं, इंग्रजी वेडीच आहे रे. तर म्हणाला, "म्हणजे तुलाही येत नाही." कोणी नीट सांगेल का? अर्ध्या मार्कासाठी भांडायचं नाहीये. (थोडंसं आहे.)

चहा_बिनसाखर: मूसचं (ते मोठं हरीण) अनेकवचन तर मूसच राहतं. पाठ करायचं नि पुढे जायचं.

निवृत्त_मास्तर: 'पाठ कर' म्हणूनच अर्धा वर्ग झोपतो. सत्तावीस वर्षं सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिकवलंय, तेव्हा जरा लांबण लावतो.

ताई, मॉन्गूसमध्ये गूस पक्षी नाहीच. ते आपलं मुंगूस आहे, मराठीतून गेलेलं. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७०च्या दशकात सुरत-मुंबईकडे होता, जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं गेलं, त्यात हे जनावर आपल्याच नावाने भेटतं. पुढे साहेबाच्या कानाला शेवटचा तुकडा ओळखीचा वाटला आणि स्पेलिंगात गूस येऊन बसला. फ्रेंचांचं मांगूस्तही मूळचं हेच.

आता गीस. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत अशा शब्दांच्या अनेकवचनी प्रत्ययात 'इ' असायचा. पुढे 'इ' यायचा म्हणून जीभ आधीच सरकायची आणि त्या 'इ'च्या आधीचा स्वर बदलायचा. नंतर प्रत्यय झडला, बदललेला स्वर मात्र राहिला. फीट, टीथ, माइस सगळे त्याच घरातले. मुंगूस तिकडे पोचलं तोवर ते दुकान बंद होऊन हजारेक वर्षं झाली होती. उशिरा आलेल्या पाहुण्याला साधा 'एस'. मूसची गोष्ट निराळी, तो अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा शब्द, त्याला 'एस'सुद्धा मिळाला नाही.

आणि आपण तरी काय करतो? एक मुंगूस, दोन मुंगसं. मधला ऊ आपणही गिळतोच! लहानपणी बांधावर दिसलं की "मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव" करत मागे धावायचो, वर रामाची शपथ. ते थांबून वळून बघायचं, तेव्हा वाटायचं शपथ लागू पडली.

काही अमेरिकी कोशांत मॉन्गीसही सापडतं म्हणा. मी असतो तर मार्क कापला असता, पण शेजारी 'छान डोकं लावलंस' लिहिलं असतं.

धारवाडकर: मास्तर, 'आपलं' म्हणताना जरा जपून. आमच्याकडे कन्नडात मुंगुसी, तेलुगूत मुंगिस. संस्कृतातला नकुल आणि हिंदीतला नेवला एका कुळातले, मुंगूस त्यांत बसत नाही. मराठीने ते दक्षिणेकडूनच घेतलेलं दिसतं.

निवृत्त_मास्तर: मान्य. तुमच्याकडून आमच्याकडे, आमच्याकडून साहेबाकडे. आता साहेबाकडून ताईंच्या मुलाकडे परत आलंय, तेही लाल शाईत.

चहा_बिनसाखर: माघार घेतो. पाठ करायची गरज नाही.

ठाण्याची_आई: मास्तर, रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं. रामाच्या शपथेवर दोनदा थांबवलं मला. मग म्हणाला, "शब्द मराठी आहे ना, मग मुंगसं लिहिलं असतं तर?" पेपरवर पालकांची सही हवी होती. बघते तर समासात पेन्सिलीने 'मुंगसं' लिहून ठेवलेलं. खोडलं नाही, खाली सही केली. उद्या बाई काय म्हणतात ते कळवते.