बोक्याची लघवी तुंबली होती, आता कायमचं खाणं कोणतं ठेवू?

मन्याची आई, डोंबिवली

आमचा मन्या साडेचार वर्षांचा बोका, नसबंदी झालेली, वजन साडेपाच किलो. वाडग्यात दिवसभर ड्राय फूड भरलेलं असायचं आणि संध्याकाळी सासूबाई हातावर थोडा सुका जवळा द्यायच्या. फेब्रुवारीत एका रविवारी तो सकाळपासून सारखा लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. मला वाटलं, शी होत नाहीये. दुपारी बाथरूमच्या लादीवर बसून ओरडला आणि उठला तेव्हा खाली एकच गुलाबी थेंब. रात्री उलटी झाल्यावर डॉक्टरांकडे धावलो. मूत्राशय मोसंबीएवढं टणक लागत होतं. भूल देऊन कॅथेटर घातला, तीन दिवस ठेवून घेतलं. लघवीत स्ट्रुव्हाइटचे (मॅग्नेशियम-फॉस्फेटच्या खनिजाचे) बारीक क्रिस्टल्स, पीएच ७.५, म्हणजे लघवीत आम्ल कमी.

तेव्हापासून डॉक्टरांनी लिहून दिलेलं युरिनरी डाएट चालू आहे, तेही कोरडंच. नऊ आठवड्यांनी रिपोर्ट स्वच्छ आला. पण पिशवी फार महाग पडते. दुकानात ‘युरिनरी केअर’ लिहिलेली साधी पिशवी खूप स्वस्त दिसली. ती चालेल का? नवरा म्हणतो घरी चिकन-भात शिजवू. वेट फूड मन्या नुसतं हुंगतो आणि निघून जातो. पुढची दहा वर्षं त्याला ती रात्र परत बघायला लागू नये, एवढंच मला हवंय.

बाळ्याची मावशी, चिपळूण

ताई, त्याच रात्री नेलंत म्हणून मन्या आज आहे. बोक्याची मूत्रनळी टोकाकडे फार अरुंद असते. पूर्ण तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. माझा बाळ्या दोनदा तुंबला. दुसऱ्यांदा माझ्याच चुकीने, कारण रिपोर्ट चांगला आल्यावर मी डाएट परस्पर बंद केलं होतं.

दुकानातल्या साध्या पिशवीत मॅग्नेशियम-फॉस्फरस बेताचं ठेवलेलं असतं, पण एकदा तुंबलेल्या बोक्यासाठी ती बनवलेली नसते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

पण खरी गोष्ट पाण्याची आहे. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यांना पाणी शिकारीतूनच मिळायचं. त्यामुळे आपल्या मांजरांनाही तहान कमी लागते आणि लघवी घट्ट होते. हिशोब करून बघा: ६० ग्रॅम ड्राय फूडमधून जेमतेम ५ मिली पाणी जातं. ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून ६५ मिलीच्या वर! म्हणून त्याच डाएटचं वेट फूड मिळतंय का ते आधी विचारा. पैसे कुठे घालायचे असतील तर तिथे.

बाळ्याला वळवायला मला पाच आठवडे लागले. वाडगं भरून ठेवणं बंद केलं, दिवसातून तीन वेळा जेवण. पाऊच गरम पाण्यात पाच मिनिटं धरायचं, वास सुटतो. चमचाभर बशीत घेऊन वर त्याचेच कोरडे दाणे चुरून टाकायचे. मग हळूहळू दाणे कमी. मात्र ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं तर मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते, जाड बोक्याला तर जास्तच धोका.

जवळा बंदच करा, मीठ आणि खनिजं दोन्ही त्यात भरपूर. सासूबाईंचा तो संध्याकाळचा आनंद मात्र काढून घेऊ नका. डाएटचेच दहा दाणे त्यांच्या हातून द्या.

दोन पर्शियन, ठाणे

चिकन-भाताबद्दल: नुसत्या चिकन-भातात मांजराला टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य पुरत नाही, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. कॅल्शियमचंही गणित चुकतं. आणि लघवी आम्ल करणाऱ्या गोळ्या डाएटच्या जोडीला स्वतःहून देऊ नका. लघवी जास्त आम्ल झाली की दुसऱ्या जातीचा, कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा होऊ शकतो. आमच्या मोठ्या मांजरीला तो झाला होता. स्ट्रुव्हाइट खाण्याने विरघळतो, ऑक्झलेट विरघळत नाही, ऑपरेशनच करावं लागलं. म्हणून अधूनमधून सोनोग्राफी करून घ्या.

बोरीवलीची

घरात काही बदल झाला होता का? पाहुणे, रंगकाम, नवीन मांजर? क्रिस्टल्स नसतानाही नुसत्या ताणाने मूत्राशय सुजतं, तरुण मांजरांत तर फार वेळा. आमच्याकडे दोन मांजरांना तीन ट्रे आहेत.

मन्याची आई, डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. जानेवारीत शेजारी फरशी फोडायचं काम चालू होतं, तो पलंगाखालून निघतच नव्हता. हे डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नव्हतं, आता सांगितलं.

आज तीन आठवडे झाले. पाऊचमधला रस्सा चाटतो, तुकडे अजून अर्धेच खातो. सासूबाई सात वाजता दाणे मोजून हातावर घेतात आणि तो आधीच येऊन बसलेला असतो. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (ती किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा) १.०५५ होती, काल १.०३८ आली. डॉक्टर म्हणाले, अजून खाली आणू. पूर्वी सकाळी ट्रेमध्ये लघवीने भिजलेल्या लिटरचे लिंबाएवढे दोन गोळे निघायचे. आज तीन निघाले, तिन्ही मोठे.