मदत हवी आहे : कुंभार्ली घाट एकटीने धावत चढायचा आहे

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची, तीन वर्षं नियमित धावते. २१ किलोमीटर आरामात होतात, पण सपाटीवर. हवाईतल्या हालेआकाला ज्वालामुखीवर समुद्रापासून थेट ३,०५५ मीटरपर्यंत रस्ता चढत जातो, हे वाचल्यापासून चढ डोक्यात बसलाय. आपला सह्याद्रीही साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच. मग सुरुवात घरच्या घाटापासून का नको?

गेल्या रविवारी पोफळीपासून अर्धा घाट चढले. पाऊस सरलाय, तरी दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. परतल्यावर टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती आणि उजव्या पोटरीत गोळा आला. एक लिटर पाणी अर्ध्यातच संपलं. आता पाठीवर दोन लिटर घ्यावं, की आदल्या दिवशी वाटेत कुठे बाटली ठेवता येईल? मीठ-साखरेचं पाणी पुरतं का, की कोकम सरबतात मीठ वाढवून कोणी नेलंय?

खरी भीती ट्रकची आहे. वळणावर आतल्या बाजूला काळा कातळ अगदी रस्त्याला भिडलेला, उभं राहायलाही जागा नाही. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून मी उजवीकडून धावते, पण आंधळ्या वळणावर बाजू बदलावी का? पहाटे कितीला निघालं तर वाहनं कमी असतात?

उतरताना गुडघ्यांवर ताण नको, माथ्यावरून एसटीने परत येईन. एकट्याने हा घाट केलेल्या ताई-दादांनी, विशेषतः ताईंनी, जरूर सांगा. पुढच्या रविवारी निघतेय.